पीटरसनचा सिस्टिम पाइप पुन्हा पुन्हा गुडगुडतो, त्याचं काय करायचं?

पाइप भरला, पेटवला, चार झुरके छान लागले आणि मग स्टेममध्ये, म्हणजे तोंडात धरायच्या नळीत, पाणी खळखळायला लागलं. धूर गरम, ओला, जिभेवर कडू पाणी. पाइप क्लीनर, म्हणजे साफ करायची केसाळ तार, घातला तर तपकिरी होऊन बाहेर येतो. थोडा वेळ बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू. ही तक्रार मला सगळ्यात जास्त पीटरसन या डब्लिनच्या कंपनीच्या सिस्टिम पाइपबद्दल ऐकायला मिळते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण हा पाइप मुळात कोरड्या धुरासाठीच बनवलेला आहे.

सोलापुरात पाइप ओढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातही पीटरसन जमवणारे आणखी कमी. मार्च सरला की या मंडळींचे फोन सुरू होतात. होटगी रोडच्या एका तरुण मित्राने नुकताच विचारलेला प्रश्न असा: "दादा, पाइप परत गुडगुडायलाय ओ. क्लीनर घालून घालून दमलो. एवढे पैसे घालून घेतला, पीसच खराब लागला काय की?" पीस खराब नव्हता. त्याच्याकडे 314 नंबरचं मॉडेल होतं, चांगलं जड, धातूची कडी नीट बसलेली. घोळ तंबाखूच्या बरणीत होता. तिकडे येतोच, पण आधी पाइपची बांधणी समजून घेऊ.

न्यूरेंबर्गहून आलेल्या फ्रेडरिक आणि हाइनरिक काप या भावांनी 1865 मध्ये डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर दुकान टाकलं, असं कंपनी सांगते. पुढे लाटव्हियातून आलेला चार्ल्स पीटरसन हा कारागीर त्यांना येऊन मिळाला आणि 1890 मध्ये त्याने या सिस्टिमचं पेटंट घेतलं. साध्या पाइपमध्ये बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, तळाचं भोक सरळ स्टेमच्या भोकाला जाऊन मिळतं. सिस्टिममध्ये शँकच्या, म्हणजे बाउल आणि स्टेम जोडणाऱ्या दांड्याच्या, आत, धुराच्या भोकाच्या खालच्या अंगाला, लाकडातच एक खोलगट टाकी कोरलेली असते. बाउलमधून आलेला धूर आधी या मोकळ्या जागेत पसरतो, निवतो, त्यातल्या वाफेचं पाणी होऊन ते टाकीत उतरतं आणि उरलेला धूर वरून स्टेममध्ये शिरतो. स्टेमचं भोक आतल्या टोकाला रुंद आणि ओठांकडे निमुळतं होत जातं. टोकाला पी-लिप, म्हणजे ओठात धरायचं खास घडणीचं तोंड. त्याचं पेटंट 1898 चं. त्यात भोक समोर नसतं, वरच्या बाजूला असतं, म्हणून धूर जिभेवर न आदळता टाळूकडे जातो.

म्हणजे टाकीत पाणी साचणं हा बिघाड नाही. ते तिथे साचावं म्हणूनच टाकी आहे. पाणी टाकीत मावेनासं झालं किंवा टाकीतून उलटं धुराच्या वाटेवर आलं की गुडगुड होते. आणि या दोन्हीची कारणं बहुतेक वेळा पाइपच्या बाहेर सापडतात.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण "सिस्टिम पाइप म्हणजे फिल्टर, त्रास नाही" असं समजणारे मला भेटलेत. टाकी आणि पी-लिप धूर कोरडा करतात, निर्धोक करत नाहीत. धूर छातीत न घेता नुसता तोंडात खेळवला तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होऊ शकतो, निकोटीनची सवयही लागतेच. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरुवात करू नये. ज्याला नुसता संग्रह करायचाय, त्याने न ओढता खुशाल करावा, हे पाइप हातात घेऊन बघायलाही तितकेच सुंदर आहेत.

आता मुद्द्याचं. गुडगुड सुरू झाली की क्लीनर उचलण्याआधी ती नेमकी कधी सुरू झाली याकडे लक्ष द्या. निम्मं निदान तिथेच होतं.

पहिल्याच झुरक्यापासून आवाज येत असेल तर आदल्या वेळचं पाणी टाकीत तसंच आहे किंवा भोक किटाने अरुंद झालंय. पाइप निम्मा व्हायच्या आत सुरू झाला तर तंबाखू ओली आहे. शेवटच्या तिसऱ्या भागात आला तर झुरके घाईचे होतायत, किंवा पाइप मध्येच आडवा ठेवला गेला. आणि घरात एका ठरावीक जागी बसल्यावरच येत असेल तर ती जागा बघायची.

आमच्याकडे दहातल्या आठ वेळा कारण निघतं ते ओली तंबाखू. सोलापूरच्या कोरड्या हवेत असं का व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण कोरड्या हवेमुळेच तर ते होतं. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो, दुपारच्या हवेत ओल म्हणून राहत नाही. उघडा डबा दोन दिवस कपाटात राहिला की तंबाखूचा भुगा. एकदा अशी महागाची तंबाखू वाया गेली की माणूस धसका घेतो. मग बरणीत बटाट्याची फोड टाक, सफरचंदाचं साल टाक, ओला कापूस ठेव, असले उपाय सुरू होतात. तंबाखू मऊ होते, हाताला छान लागते, वासही दरवळतो आणि आपल्याला वाटतं जमलं. तीच तंबाखू पाइपमध्ये गेली की निखाऱ्याची उष्णता आधी पाणी आटवण्यात खर्च होते. ती वाफ टाकीत उतरते. पाइप विझतो म्हणून आपण जोरात ओढतो, आणखी वाफ होते, टाकी भरते. होटगी रोडच्या मित्राच्या बरणीत बटाट्याची फोड होती आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दव साचलेलं होतं. फोडीवर बुरशीही धरायला लागली होती, ती तंबाखू फेकूनच द्यावी लागली. अन्नाचा तुकडा तंबाखूत कधीच टाकू नका.

बाजारातली बरीच गोड वासाची तंबाखू डब्यातून निघतानाच चिकट असते. तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते ओल धरून ठेवतं. ती तंबाखू वरून सुकल्यासारखी दिसली तरी आतून ओलीच राहते. ज्यांचा पाइप कायम गुडगुडतो त्यांनी महिनाभर तरी अशी तंबाखू बाजूला ठेवून साधी व्हर्जिनिया किंवा बर्ली जातीची तंबाखू ओढून बघावी. फरक त्याच दिवशी कळेल.

योग्य ओल किती, याचं उत्तर बोटांत आहे. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत तंबाखू दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली. चुरगळून पावडर झाली तर जास्त वाळली. दाबल्यावर एकत्र येऊन सोडल्यावर सावकाश उलगडली, तर भरायला तयार. डब्यातून काढलेली तंबाखू आमच्याकडे मे महिन्यात स्टीलच्या ताटलीत पसरून ठेवली की चहा होईपर्यंत सुकते. श्रावणात तिलाच तास-दीड तास लागतो. म्हणून घड्याळावर जाऊ नका, अधूनमधून चिमटीत धरून बघा. पुण्या-मुंबईचे मित्र "अर्धा तास ठेव" सांगतात ते त्यांच्या हवेचं गणित आहे, इथे त्या हिशेबाने भुगा होईल.

ज्या शहरात हजारो बायका घरोघरी विड्या वळतात तिथे हे कुणाला शिकवायला लागू नये. तेंदूचं पान भिजवून घेतात, कारण कोरडं पान कापताना आणि वळताना तडकतं. आतला जर्दा मात्र कोरडा ठेवतात. आणि वळलेल्या विड्याही कारखान्यात शेकून सुकवतात, पानाची ओल जर्द्यात राहू नये म्हणून. कुंभारीकडच्या वसाहतीत विडी कामगार मावशींच्या शेजारी थोडा वेळ बसून बघा. जर्दा सुपात आहे, त्यात बोटं फिरतायत आणि एका चिमटीत तो किती कोरडा आहे हे त्यांना कळतं. हीच नजर पाइपवाल्याला हवी.

साठवणीसाठी काचेची, रबराची रिंग असलेली घट्ट झाकणाची बरणी घ्या आणि ती घराच्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पत्र्याच्या खोलीत नको, फ्रिजवर तर नकोच. पिशवी किंवा चंचीत दोन दिवसांपुरतीच ठेवायची, बाकी बरणीत. खरोखर वाळलेलीच असेल तर फुटक्या माठाचं बोटभर खापर धुऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, वरचं पाणी नीट पुसा, फॉइलला दोन-चार भोकं पाडून त्यात गुंडाळा आणि संध्याकाळी बरणीत ठेवून सकाळी काढून टाका. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खापरावर साचतात आणि छिद्रं बुजतात. खापर बरणीत विसरलं की बटाट्याच्या फोडीचाच प्रकार होतो.

दुसरं कारण कुलर. उन्हाळ्यात आपण बसतोच त्याच्या समोर. कुलरची हवा ओली असते आणि जोराने येते. ओल तंबाखूत शिरते, आणि वाऱ्यामुळे निखारा आपण न ओढताही भडकत राहतो. बाउल चटका देण्याइतका तापतो, वाफ वाढते, आणि समोरून गार वारा लागल्याने शँकमध्ये पाणीही लवकर धरतं. पंख्याखाली बसलं तरी थोडं असंच होतं, फक्त ओल नसते. कुलर बंद करून बसा, किंवा त्याच्याकडे पाठ करून लांब बसा. संध्याकाळी गच्चीवर बसणाऱ्यांनी कठड्याचा आडोसा घ्यावा. तंबाखूची बरणी कुलरच्या खोलीत उघडूच नये. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर खोलीत ओढणं तसंही बंद केलेलं बरं, आणि सार्वजनिक जागी तर 2 ऑक्टोबर 2008 पासून धूम्रपानाला बंदीच आहे.

भरण्याबद्दल थोडक्यात. तळाला सैल, वर जरा दाबून, आणि पेटवण्याआधी एकदा ओढून बघायचं. झुरका सहज आला पाहिजे. गाल आत जात असतील तर उपसून पुन्हा भरा. घट्ट भरलेला पाइप आपण जोराने ओढतो आणि जोर लागला की ओल आलीच. झुरका सावकाश घ्यायचा. विझला तर विझू द्या, पुन्हा काडी लावण्यात कमीपणा नाही.

आता टाकीचं, कारण सिस्टिम पाइपमध्ये लोकांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

साध्या पाइपमध्ये ओढता ओढता स्टेममधून क्लीनर घातला की तो थेट बाउलच्या तळापर्यंत जातो. पीटरसनमध्ये दोन अडचणी येतात. पी-लिपचं भोक वर वळलेलं आणि बारीक, त्यामुळे क्लीनर ओठाकडून सहज शिरत नाही, मध्येच अडकतो. आणि बळेबळे आत गेलाच तर तो टाकीत जाऊन टेकतो, बाउलच्या भोकात जात नाही, कारण ते भोक वरच्या बाजूला आहे. म्हणून लोक क्लीनर घालून घालून दमतात. इथे रीत वेगळी. स्टेम धातूच्या कडीत नुसता दाबून बसवलेला असतो, साध्या पाइपसारखं बारीक टेनन, म्हणजे स्टेमचं खुंटीसारखं टोक, लाकडात घुसवलेलं नसतं. त्यामुळे पाइप कोमट असताना स्टेम काढता येतो. साध्या पाइपचा गरम असताना काढू नका, टेनन तुटतं. पीटरसनचा बाउल आणि कडी एका हाताच्या मुठीत धरा, दुसऱ्या हाताने स्टेम हलका फिरवत ओढा. हे करताना पाइप सरळ उभा ठेवायचा. पाइप उताणा किंवा आडवा झाला की टाकीतलं पाणी वरच्या भोकातून बाउलमध्ये उतरतं, खालची तंबाखू भिजते आणि मग काहीही केलं तरी गुडगुड थांबत नाही. अर्धवट ओढलेला पाइप टेबलावर आडवा ठेवायची सवय असेल तर आधी ती सोडा. छोटं स्टँड घ्या, नसेल तर जड पेल्यात उभा ठेवा.

स्टेम काढला की टिश्यू पिळून त्याची जाडसर वात करा आणि टाकीच्या तळापर्यंत घाला. ती तपकिरी होऊन येईल. दुसरी घाला. कोरडी आली की स्टेम बसवा आणि पुढे ओढा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पाइप संपल्यावर मात्र जरा निगुतीने. गुल काढा, टाकीत कोरडी वात घालून ती रात्रभर तिथेच राहू द्या, आणि स्टेम वेगळा ठेवा. सोलापुरी टॉवेलची चिंधी यासाठी वापरू नका, तिचे तंतू सुटून भोकात अडकतात. जुन्या धोतराचं मऊ कापड चालतं. स्टेममधून क्लीनर घालायचा तो रुंद टोकाकडून, म्हणजे आतून ओठाकडे, बारीक टोक पुढे करून. पाइपला निदान एक दिवस विश्रांती हवी, दोन दिल्यास उत्तम. रोज ओढणाऱ्याकडे म्हणूनच तीन-चार पाइप लागतात. जमवण्याचा नाद असल्याने आम्हाला ती अडचण नाही.

जुना, वापरलेला पीटरसन घेतला असेल तर टाकी आधी साफ करा. मला जुन्या पाइपांचंच जास्त वेड आहे. 1922 ते 1937 मधल्या पाइपांवर "आयरिश फ्री स्टेट" असा छाप असतो, "रिपब्लिक ऑफ आयर्लंड" असेल तर पाइप 1949 च्या आधीचा नाही, आणि चांदीच्या कडीवर डब्लिनचा हॉलमार्क असेल तर वर्षाच्या अक्षरावरून सालही काढता येतं. असा पाइप हाती आला की लोक बाउल चकाकवतात, कडी उजळतात आणि आत बघतच नाहीत. टॉर्च लावून शँकमध्ये बघा. टाकीच्या जागी काळा, डांबरासारखा थर दिसला तर टाकी निम्मी बुजलेली आहे. तिच्यात पाणी मावणार कुठून? पांढरी रम किंवा व्होडका इअर बडला लावून तो थर मऊ करत करत काढायचा. घाई केलीत तर लाकूड खरवडलं जाईल. खूपच असेल तर टाकीत कापूस भरून ड्रॉपरने त्यावर दारू सोडा आणि रात्रभर राहू द्या, सकाळी कापूस काळा होऊन निघेल. मिथेनॉल घातलेलं डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका, ते विष आहे आणि हा पाइप तोंडात जाणार आहे. दारू बाहेरच्या पॉलिशवर सांडू देऊ नका. चांदीच्या कडीला तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर लावाल तर हॉलमार्क झिजेल, तिथे चांदी पुसायचं कापडच हवं. बाउलमधला कार्बनचा थर 1 ते 1.5 मिमी ठेवा. तो जास्त वाढला तर बाउल आकसतो, तापून चिरूही शकतो.

स्टेम व्हल्कनाइटचा असेल, म्हणजे गंधक घालून घट्ट केलेल्या रबराचा, तर त्याला ऊन सोसत नाही. खिडकीत ठेवलेला स्टेम हिरवट-तपकिरी पडतो आणि ओठाला गंधकाची चव लागते. काही जण ही चव गुडगुडीच्या कडू पाण्याची समजतात. स्टेम काढून नुसता जिभेला लावून बघा, चव आली तर दोष स्टेमचा आहे. बारीक पॉलिश पेपरने पाणी लावत घासून काढा आणि पुढे पाइप कपाटात ठेवा. मे महिन्यात पाइप गाडीत विसरू नका.

हे सगळं करूनही आवाज राहिला तर पाइपच तपासायचा. रिकामा, कोरडा पाइप स्टेम लावून ओढा. शिट्टी वाजली तर कुठेतरी वाट अरुंद आहे. स्टेम काढून पुन्हा बाउलमधून ओढा, शिट्टी थांबली तर दोष स्टेममध्ये. मग स्टेम किती आत जातो ते बघा. वर्षानुवर्षं दाबून स्टेम झिजला असेल तर तो खोल शिरतो आणि त्याचं टोक धुराच्या भोकाच्या अंगावर जातं, तिथे धूर घुसमटतो. कागदाची पातळ पट्टी स्टेमभोवती गुंडाळून तो किंचित बाहेर बसवा आणि ओढून बघा. आवाज गेला तर रोग सापडला, आता स्टेम नीट बसवून देणारा कारागीर शोधायचा. शेवटचं, बाउलच्या भोकातून क्लीनर घालून तो शँकमध्ये कुठे निघतो ते टॉर्चने बघा. टाकीच्या वर निघाला तर ठीक. टाकीच्या तळाशीच निघत असेल तर भोक खाली पाडलं गेलंय आणि पाणी परत येणारच. नवा पाइप असेल तर फोटो काढून, एकदाही न पेटवता दुकानदाराकडे बदलून मागा. पेटवलेला पाइप सहसा कुणी परत घेत नाही, म्हणून ही टॉर्चची तपासणी नवीन पाइप हातात पडल्या पडल्या करून घ्या.